रस्ता नसलेल्या गावातली सुट्टी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भूमध्य समुद्राकाठच्या छोट्या गावांवर लेख आला होता. त्यावर एका वाचकांनी पत्र लिहून विचारलं, की एवढा खर्च करून चार घरांच्या गावात जायचं ते ठीक, पण दिवसभर तिथे करायचं काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा एका सहल कंपनीत चौकशी केली होती. तिथल्या मुलीनेही हेच सांगितलं, "काकू, तिकडे पॉइंट्सच नाहीत हो. ग्रुप तासाभरात कंटाळतो." मी गुहागरची. सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. मुलगी जर्मनीत असते, त्यामुळे तिच्याबरोबर ग्रीसच्या क्रीट बेटावर लुत्रो नावाच्या गावात राहायचा योग आला, आणि मग आम्ही दोघं पुन्हा पुन्हा तिथेच जात राहिलो. त्या जोरावर हे उत्तर लिहिते आहे. लांबलं आहे, जागा असेल तेवढं छापावं.

लुत्रो क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्फाकिया नावाच्या डोंगराळ मुलखात आहे. गावाला मोटाररस्ता नाही. मागे डोंगर भिंतीसारखा उभा, त्याच्याही मागे लेफ्का ओरी म्हणजे पांढरे पर्वत, ज्यांचं सर्वांत उंच शिखर 2453 मीटरचं आहे. गावात यायचं ते बोटीने नाहीतर पायी. होरा स्फाकिओन या जवळच्या बंदरातून बोट वीसेक मिनिटांत आणून सोडते. छोट्याशा उपसागराच्या कडेने पांढरी घरं, निळी दारं-खिडक्या, खाली खानावळ आणि वर भाड्याच्या खोल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत चाललं तरी पाचेक मिनिटं पुरतात. समोरच्या पाण्याला लिबियन समुद्र म्हणतात. हवा स्वच्छ असली की क्षितिजावर गावदोस बेट दिसतं, ते युरोपचं दक्षिण टोक. त्याच्यापलीकडे थेट आफ्रिका.

तर, करायचं काय? पहिली गोष्ट, सकाळी उठून पाण्यात उतरायचं. आम्ही कोकणातली माणसं समुद्राशी जपून वागतो. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची छोटी कधी, ओहोटीला पाणी कसं ओढतं, हे बघितल्याशिवाय पाय घालत नाही. तिथे हा हिशेबच नाही. भूमध्य समुद्र जवळजवळ चारही बाजूंनी बंद आहे. अटलांटिकशी त्याची गाठ पडते ती जिब्राल्टरला, आणि ती सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर रुंद. त्यामुळे भरती-ओहोटी म्हणजे थोडंसं पाणी वर-खाली होण्यापलीकडे काही नाही. खानावळीची टेबलं पाण्यापासून दोन हातांवर मांडलेली असतात आणि ती दिवसभर तिथेच राहतात. गुहागरच्या बाईला हे बघूनच नवल वाटतं. पाऊस कमी, ऊन जास्त, नद्या थोड्या, म्हणून पाणी जास्त खारट: पूर्व भागात हजार भागांत 38-39 भाग मीठ. अशा पाण्यात अंग सहज तरंगतं, नवशिक्याची भीती लवकर जाते. ज्यांनी साठीपर्यंत कमरेच्या वर पाणी येऊ दिलं नव्हतं, ते आमचे हे तिथे उताणं पडून तरंगायला शिकले.

पाणी इतकं नितळ कसं, असं सगळेच विचारतात. आपल्या खाड्या डोंगरातला गाळ आणतात, पाणी गढूळ करतात, पण त्याच गाळाबरोबर माशांचं खाणंही येतं. तिथे तसा गाळ येत नाही आणि समुद्रात सूक्ष्म जीवही कमी, म्हणून तळाचा दगड न् दगड दिसतो. याची दुसरी बाजू अशी की मासळी कमी आणि महाग. एक खबरदारी मात्र घ्यावी. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, आणि खडकांना सी-अर्चिन नावाच्या प्राण्यांचे काळे काटेरी गोळे चिकटलेले असतात. त्यावर पाय पडला तर काटे रुतून बसतात आणि काढायला फार त्रास होतो. पाण्यात घालायचे रबरी बूट बरोबर असू द्यावेत.

दहा-अकराच्या सुमारास बोट येते. तिचं तोंड खाली पडतं आणि ते थेट धक्क्यावर टेकतं. गावाला लागणारी प्रत्येक वस्तू त्या तोंडातून बाहेर येते. पाण्याच्या बाटल्या, टोमॅटोचे खोके, गॅसचे सिलेंडर, कुणाची नवी गादी. हातगाड्या घेऊन खानावळवाले आधीच उभे असतात. आरडाओरडा होतो, पाच-दहा मिनिटांत सगळं उतरतं आणि बोट पुढच्या आया रुमेली गावाकडे निघते. मी रोज ते बघायला जायचे. एक गाव काय खातं, काय वापरतं, कोण कुणाला हात देतं, हे तिथे बसल्या बसल्या कळतं. चाळीतल्या गॅलरीत बसून मोठी झालेली माझी पिढी याला वेळ घालवणं म्हणणार नाही.

आता पायवाटा. लुत्रोची खरी श्रीमंती पायवाटांत आहे, आणि पॉइंट्स नाहीत म्हणणाऱ्यांनी त्या कधी तुडवलेल्या नसाव्यात.

सर्वांत सोपी वाट गावामागच्या टेकाडावरून पलीकडे फिनिकासला उतरते. चढ छोटा आहे, माझ्या वयाच्या बायकांनाही जमतो. माथ्यावर पडका किल्ला, जुन्या भिंती, पाण्याची टाकी, आणि घंटा वाजवत फिरणाऱ्या शेळ्या. याच भूशिरावर प्राचीन फिनिक्स बंदर होतं. बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत, 27 व्या अध्यायात, त्याचा उल्लेख येतो. कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या पौल या ख्रिस्ती धर्मप्रचारकाचं जहाज हिवाळा काढायला याच बंदरात येणार होतं. वाटेत डोंगरावरून वादळी वारा सुटला, जहाज गावदोसच्या बाजूने भरकटत गेलं आणि शेवटी माल्टाला फुटलं. टेकाडावर बसलं की एका हाताला बंदर दिसतं आणि दुसऱ्या हाताला गावदोस. जहाजाला काय गाठायचं होतं आणि ते कुठे ढकललं गेलं, हे नकाशाशिवाय डोळ्यांसमोर उभं राहतं. इतकी वर्षं वर्गात वारे शिकवले, पण वाऱ्याने माणसाचा मार्ग बदलणं मला तिथे बसून जितकं कळलं तितकं फळ्यावर कधी कळलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट बोटीतून किंवा भाड्याच्या कयाकमधून बघावी. कड्यांच्या पायाशी, आजच्या पाण्याच्या बरीच वर, खडकात एक आडवी खाच दिसते. लाटांनी कोरलेली ती जुनी समुद्ररेषा. इ.स. 365 मध्ये 21 जुलैला मोठा भूकंप झाला आणि क्रीटची पश्चिम बाजू वर उचलली गेली. नैऋत्य कोपऱ्यात ती उचल 9 मीटरपर्यंत आहे आणि पूर्वेकडे येताना कमी कमी होत जाते. त्याच भूकंपाच्या लाटांनी इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया बुडवलं. किनाऱ्याची ही उचल टिपून ठेवणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश नौदलाचा सर्वेक्षक थॉमस स्प्रॅट होता. जमीन वर येते आणि समुद्र खाली राहतो, हे मुलांना समजावताना मी टेबलावर वह्या रचून दाखवायचे. इथे ती रेघ हाताने चाचपता येते. शाळेतल्या मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांनी हे एवढं जरी दाखवलं तरी पुरे.

पूर्वेकडची वाट ग्लिका नेराला जाते. ई-4 नावाचा, युरोपभर जाणारा लांब पल्ल्याचा पायमार्ग इथून जातो. लुत्रोहून तासभर चालायचं, सावली अजिबात नाही, म्हणून उजाडताच निघावं. पोचल्यावर कड्याखाली गोट्यांचा लांब किनारा आणि थोडी झाडं. तिथे आमच्या मुलीने पाण्यापासून काही हातांवर गोटे बाजूला सारून ओंजळभर खड्डा केला. आधी तो कोरडाच वाटला, मग तळाच्या बारीक खड्यांतून पाणी झिरपू लागलं आणि बघता बघता काठोकाठ भरला. बोट घालून चाखलं तर गोडं, आणि इतकं गार की दात शिवशिवले. लेफ्का ओरीवर बर्फ पडतं, ते वितळून चुनखडकाच्या भेगांतून खाली उतरतं आणि डोंगराच्या पोटातून थेट समुद्रकाठी बाहेर पडतं. पोहतानाही मध्येच गार पाण्याचा पट्टा अंगाला लागतो, तो याच झऱ्यांचा. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी लुत्रोहून छोटी बोट जाते. एक सूचना: ग्लिका नेराच्या पुढे होरा स्फाकिओनकडे जाणारा तुकडा कड्यात कोरलेला आहे. उंचीची भीती असेल त्यांनी तिकडे न जाता आलं तसं परत फिरावं.

पश्चिमेला मार्मारा. अरादेनाची घळ जिथे समुद्राला मिळते तिथला हा छोटासा किनारा. थरांचे गुळगुळीत खडक आणि लाटांनी पोखरलेल्या गुहा. इथेही बोट जाते. आम्ही पायी एकदाच गेलो, उन्हाने थकलो, आणि नंतर नेहमी बोटीनेच गेलो.

अनोपोलीचा चढ मात्र माझ्या मनात घर करून आहे. गावाच्या डोक्यावर, समुद्रापासून सुमारे 600 मीटर उंच पठारावर अनोपोली आहे. नागमोडी दगडी वाट वर जाते. दीड-दोन तास लागतात, गुडघे शाबूत हवेत आणि हातात काठी हवी. वरच्या चौकात दास्कालोयानिस यांचा पुतळा आहे. हे अनोपोलीचे, जहाजांचे मालक, सधन माणूस. 1770 साली त्यांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला. रशियाची मदत येईल असा भरवसा होता, ती आली नाही. उठाव चिरडला गेला, ते शरण गेले आणि 1771 मध्ये हेराक्लिऑनला त्यांना जिवंत सोलून मारलं. मराठी माणसाला हे ऐकताना तुळापूर आठवल्याशिवाय राहत नाही. चौकातल्या कॉफीच्या दुकानात म्हातारी माणसं त्यांच्याबद्दल अशी बोलतात, की घटना कालपरवाची असावी. क्रीटमधल्या हानिया शहराच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे. आपण विमानातून उतरतो तेव्हा ते नाव वाचून पुढे जातो. ते कोण होते हे कळतं हा चढ चढल्यावर.

सामारियाची घळ सगळ्यांना माहीत असते. 1962 पासून ती राष्ट्रीय उद्यान आहे. वरून खाली पूर्ण चालायची तर 16 किलोमीटर, आणि सहल कंपन्या लोकांना तशीच पळवतात. लुत्रोत राहणाऱ्याला दुसरा मार्ग आहे. बोटीने आया रुमेलीला जावं आणि खालच्या बाजूने घळीत शिरावं. दोन्ही बाजूंचे कडे सर्वांत जवळ येतात ते 'दरवाजे' याच बाजूला आहेत. तिथे मधली जागा चार मीटरही नाही आणि भिंती सुमारे 300 मीटर उंच. तेवढं बघून परत फिरलं तरी चालतं. दुपारी वरून थकून येणारे लोक भेटतात तेव्हा आपण आया रुमेलीला पाण्यात पाय सोडून बसलेले असतो.

खाण्याचं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडचे शाकाहारी लोक याच धास्तीने परदेशी डबे घेऊन फिरतात. क्रीटमध्ये त्याची गरज नाही. ग्रीक चर्चच्या उपासांमुळे तेलातल्या भाज्या आणि कडधान्यं यांची तिथे मोठी परंपरा आहे. होर्ता म्हणजे रानभाज्या उकडून वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची. दाकोस म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि मिझिथ्रा नावाचं ताजं, मऊ चीज. फक्त मांसाचा रस्सा घातला आहे का, हे एकदा विचारून घ्यावं.

पण या मुलखाचा खरा पदार्थ म्हणजे स्फाकियाची भरली पोळी, स्फाकियानी पिता. आमच्या खानावळीतल्या बाईंनी मला एका दुपारी आत बोलावून दाखवली. भाषा एकमेकींची येत नव्हती, मुलगी मध्ये उभी होती, तिचीही फारशी गरज पडली नाही. पिठात ऑलिव्हचं तेल आणि चमचाभर रकी, म्हणजे तिथली द्राक्षांची दारू. गोळा हातात घेऊन खोलगट केला, त्यात मिझिथ्राचा तेवढाच गोळा ठेवला, कडा वर ओढून चिमटीने बंद केल्या आणि जादा पीठ तोडून टाकलं. अगदी पुरणपोळीचा उंडा! मग तळहाताने दाबत, लाटण्याने हलकेच फिरवत ताटलीएवढी पातळ केली. चीज कुठेही बाहेर आलं नाही. तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजली आणि गरम असतानाच वरून रानओव्याच्या फुलांचा मध ओतला. मी दुसरा उंडा मागून घेतला आणि स्वतः भरला. कडा बंद करताना माझी चिमूट बघून त्या बाई हसल्या आणि पोरांना हाक मारून दाखवायला लागल्या. त्यानंतर आमच्या टेबलावर जेवण झालं की मध घातलेलं दही न मागता यायचं.

मासे खाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मासा किलोवर विकतात. कोणता आहे, वजन किती, पैसे किती, हे आधी विचारावं, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. आत नेऊन मासा दाखवतात.

दुपारी गाव झोपतं. वामकुक्षीचं महत्त्व मराठी वाचकाला मी सांगायला नको. पाचनंतर पुन्हा पाणी. लुत्रो पूर्वेकडे तोंड करून बसलं आहे, म्हणून सूर्य लवकर डोंगराआड जातो आणि सगळ्या गावावर सावली येते, तेव्हा पोहायला फार छान वाटतं. शेवटची बोट आया रुमेलीहून सामारियाचे थकलेले लोक घेऊन येते, दिवसापुरते आलेले पाहुणे तिच्यात चढतात आणि गावात मुक्कामाचे तेवढे उरतात. मग टेबलांवर ताव्ली, म्हणजे सोंगट्यांचा खेळ, सुरू होतो. बघत उभं राहिलं तर खुर्ची पुढे करतात. आमचे हे तो खेळ शिकले आणि नंतर रात्रीच्या जेवणाला बोलावून आणावं लागायचं.

हे सगळं त्या वाचकांना यासाठी सांगते आहे, की यातलं काहीही एका तासात होत नाही. गुहागरला माझ्या ओटीवरून मी वर्षानुवर्षं बघते. सकाळी गाडी येते, व्याडेश्वराचं दर्शन, किनाऱ्यावर फोटो, जेवण, आणि दुपारी हेदवी-वेळणेश्वर करून संध्याकाळी गणपतीपुळे गाठायचं. माझ्या गावात काय आहे हे त्या गाडीतल्या कुणालाच कळत नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. लुत्रोलाही दुपारच्या बोटीने येऊन संध्याकाळी जाणारे लोक भेटतात. त्यांना सुंदर धक्का दिसतो, एवढंच. ज्यांना दहा दिवसांत सात देश करायचे आहेत त्यांनी अवश्य करावेत, पण अशा गावाला त्या यादीत अर्ध्या दिवसाची जागा देऊ नये. गाव लहान असेल तर दिवस जास्त काढावेत, असं माझं ठाम मत आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. अथेन्सचं पिरेअस बंदर ते हानियाजवळचं सूदा बंदर अशी रात्रीची मोठी बोट असते, किंवा अथेन्सहून हानियाला विमान. हानियाच्या स्टँडवरून होरा स्फाकिओनची बस डोंगर ओलांडून दोनेक तासांत उतरते. वळणं पुष्कळ आहेत, पोट नाजूक असेल त्यांनी पुढे बसावं. बसच्या खिडकीतून दिसणारा हाच डोंगर दुसऱ्या महायुद्धात, 1941 च्या मे अखेरीस, जर्मन सैन्यापुढे माघार घेणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी पायी ओलांडला होता. रात्री बोटींतून जेवढ्यांना नेता आलं तेवढे सुटले, उरलेले हजारो कैद झाले. होरा स्फाकिओनच्या धक्क्याजवळ त्यांचं स्मारक आहे, बोटीला वेळ असेल तर तिथे जाऊन यावं. रोख पैसे आणि नेहमीची औषधं बरोबर ठेवावीत. चाकांची मोठी बॅग धक्क्यावरच्या दगडांवर आणि जिन्यांवर त्रास देते, पाठीवरची बरी.

मे महिन्यात डोंगरावर बर्फ आणि वाटेवर फुलं असतात, चालणाऱ्यांनी तेव्हा जावं, पण पाणी गार असतं. पोहायचं असेल तर सप्टेंबर, तेव्हा समुद्र 25 अंशांच्या आसपास असतो आणि गर्दी ओसरलेली असते. जुलै-ऑगस्टच्या उन्हात पायवाटांच्या नादी लागू नये. ऑक्टोबर संपताना खानावळी बंद होऊ लागतात आणि बोटीच्या फेऱ्या कमी होतात. दक्षिणेचा वारा जोरात सुटला की बोट येत नाही. म्हणून परतीचं विमान असेल त्याच्या आदल्या रात्री हानियाला मुक्काम ठेवावा.

आपल्या पुरवणीला एक विनंती आहे. अशा गावांवर लेख छापताना सोबत बोटीचा मार्ग, पायवाटांची अंतरं आणि कोणत्या महिन्यात काय बंद असतं, याची चौकट द्यावी. फोटो बघून मन होतंच, पण आमच्यासारख्या निवृत्त जोडप्यांना घराबाहेर पडायला ही माहिती लागते. आणि पत्र लिहिणाऱ्या वाचकांना आणखी काही विचारायचं असेल तर त्यांनी याच सदरातून विचारावं, मी उत्तर देईन.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, गुहागर